सारखेपणाचा संशय घ्या!

उंदरांना रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या व्हायरसचं एक मोठं खानदान आहे. 2006 साली अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरच्या काही पेशंटांच्या गाठींत त्यातलाच एक भाऊबंद सापडल्याचं जाहीर झालं. नाव एक्सएमआरव्ही. 2009 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं, की सततच्या थकव्याच्या आजाराच्या 101 पैकी 68 पेशंटांतही तो आहे. ‘सगळे मनाचे खेळ’ असं ऐकून घेणाऱ्या या लोकांना हायसं वाटलं. काहींनी तर एचआयव्हीची औषधं सुरू केली.

पण एक गोष्ट खटकत होती. वेगवेगळ्या पेशंटांतले हे व्हायरस जवळजवळ एकसारखे होते. रेट्रोव्हायरस स्वतःची नक्कल करताना सारख्या चुका करतो. एचआयव्हीचे तर एकाच माणसाच्या अंगात कितीतरी प्रकार होतात. मग माणसामाणसांतून फिरलेला हा पठ्ठ्या बदलला कसा नाही?

2010 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की लॅबमध्ये वाढवलेल्या एकाच प्रकारच्या पेशींतल्या व्हायरसमध्ये जेवढा फरक आहे, तेवढाही सगळ्या पेशंटांच्या नमुन्यांत मिळून नाही! 2011 मध्ये उगम कळला. 1990 च्या दशकात माणसाची गाठ उंदरांत वाढवताना उंदराच्या दोन व्हायरसांचे तुकडे जुळून हा तयार झाला होता. म्हणजे आजार नव्हे, नमुन्यांत लॅबमधलीच भेसळ. डिसेंबर 2011 मध्ये ‘सायन्स’ने तो पेपर मागे घेतला. 2012 च्या तपासणीत 147 पेशंट आणि 146 निरोगी माणसं, कोणातच तो सापडला नाही. विशेष म्हणजे पहिला दावा करणारेही त्या तपासणीत सामील होते.

आता मित्रांनो, आपल्या प्रॅक्टिकलकडे बघा. अख्ख्या बॅचची रीडिंग्ज दशांशापर्यंत जुळतात, ग्राफ सरळ रेषेत येतो आणि सही मिळते. ज्याचं रीडिंग जरा हललं, त्यालाच ‘रिपीट’! खरं मोजमाप थोडं हलणारच. ते हललं नाही, तर ते एकाच जर्नलमधून उतरलंय एवढंच सिद्ध होतं.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती: जुळणाऱ्या आकड्यांना नको, फरक का पडला हे सांगणाऱ्याला मार्क द्या. आणि आपण? उद्या पुलाचं काँक्रीट तपासताना दहाही क्यूब एकाच आकड्यावर फुटले, तर खूश होऊन सही करू नका. आधी विचारा, हे आकडे आले कुठून?