प्रथमोपचार-पेटीतील पाते

सहलीच्या प्रथमोपचार-पेटीत सर्पदंशासाठी धारदार पाते, आवळून बांधण्याची दोरी व पोटॅशियम परमँगनेट ठेवण्याचा प्रघात होता. तो आता सर्वस्वी त्याज्य मानला पाहिजे. चिरा दिल्याने विष निघून जात नाही. उलट घोणस वा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, आणि त्या जखमेतून रक्तस्राव मात्र वाढतो. घट्ट दोरीने अवयवच धोक्यात येतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लक्ष माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे. यावर खरे औषध प्रतिविष हेच, आणि ते रुग्णालयातच द्यावे लागते. म्हणून पेटीत दंश झालेला अवयव स्थिर ठेवण्यापुरती फळी, त्रिकोणी पट्टी आणि प्रतिविष मिळणाऱ्या नजीकच्या रुग्णालयाचा पत्ता असावा. पात्यापायी दवडला जाणारा वेळ रुग्णालयाच्या वाटेवर कामी आला पाहिजे.