घड्याळातली साखर

गेल्या महिन्यात ओपीडीत एक काका आले. बारा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. मुलाने ऑनलाइन मागवलेले घड्याळ मनगटावर. "डॉक्टरसाहेब, आता बोट टोचायची कटकट नाही, यातच साखर दिसते." घड्याळात १३८. अंगाला घाम सुटला होता, हात थरथरत होते. काका म्हणाले, उन्हातून आलोय. ग्लुकोमीटरवर पाहिली, तर साखर ६१. ग्लुकोजचे पाणी पाजले, अर्ध्या तासात सावरले. घरीच असते तर काय झाले असते, याचा विचार नको वाटतो.

त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मंजुरी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. जोखमीनुसार त्यांचे 'ए' ते 'डी' असे वर्ग आहेत. पण उपकरण वैद्यकीय की नाही, हे बरेचसे उत्पादक ते कशासाठी म्हणून विकतो त्यावर ठरते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात साखर, रक्तदाब, ऑक्सिजन. आणि खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'वैद्यकीय वापरासाठी नाही'. पळवाट ती हीच.

खरी साखर सांगणारा सेन्सर आहे. तो दंडाला चिकटवतात, त्याची बारीक तार त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजते. पंधरवडाभर चालणाऱ्या एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये पडतात. माझ्या ओपीडीतल्या किती जणांना ते परवडणार?

नियम सैल करा, वस्तू आपोआप स्वस्त होतील, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबाचे यंत्र, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तू नियमनाखाली होत्याच. जुलै २०२१ मध्ये त्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. तपासणी ढिली न करताही किमतीला हात घालता येतो. सेन्सरबाबत तसे का करू नये? टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी आणि इन्सुलिनवरच्या गरोदर महिलांसाठी तरी सरकारने ते घाऊक विकत घ्यावेत. काटेकोर नियमनाने वाट अडतेच असेही नाही. त्याच अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये, इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सेन्सरला परवानगी मिळाली.

आणि साखर किंवा रक्तदाब मोजतो असा दावा करणारी वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळाने परवाना क्रमांक किमतीच्या शेजारीच दाखवावा. क्रमांक नसेल तर दावाही नको.

काकांनी घड्याळ काढलेले नाही. पावले मोजायला वापरा, असे मीच म्हटले. बोट टोचून साखर रोज पाहा, हेही सांगितले. त्यांनी विचारले, "पट्ट्या इथे मिळतील का?" इन्सुलिन आम्ही मोफत देतो. पट्ट्या बाहेरून विकत आणाव्या लागतात.