हसलो, पण कोणावर?

दादा कोंडक्यांच्या सिनेमांचा सप्ताह आमच्या वरणगावात करायचं ठरत होतं. मी हरकत घेतली, तर उत्तर आलं, ‘ताईंना विनोद कळत नाही.’ कळतो. ‘सोंगाड्या’ (१९७१) पाहून मीही पोट धरून हसले आहे. नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, गिनीज बुकात नोंद. खेड्यातला अडाणी म्हणून हिणवलेला माणूस दादांनी नायक केला, हेही खरं.

पण बाईचं काय केलं? ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५, दिग्दर्शक म्हणून दादांचा पहिलाच) उषा चव्हाण आहे केळेवाली पारू. आमच्याकडे केळीच्या बागेत निंदायला वाकलेल्या बायांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी. थेटरात मात्र केळं म्हटलं की गडी खिदळतात! ‘आली अंगावर’ (१९८२) आला, तेव्हा त्याचं नावच टवाळांना आयतं मिळालं. एसटी स्टँडवर ते ऐकत, मान खाली घालून चालणाऱ्या पोरींत मी होते.

आम्हाला सेन्सॉरची कात्री नको; ती उद्या आमच्याच पथनाट्यावर चालेल. सिनेमे दाखवा. फक्त खेळ संपल्यावर अर्धा तास माईक बायांकडे द्या. एवढी अट ऐकली आणि सप्ताहाची बैठकच पुढे ढकलली गेली.