विश्लेषण : मुलांची डोकेदुखी – शाळा चुकवण्याचा बहाणा की मायग्रेन?

शाळेतून फोन येतो, ‘डोकं दुखतंय, घरी न्या.’ दोन-तीन तास अंधाऱ्या खोलीत झोपल्यावर मूल पुन्हा खेळू लागते. मग घरच्यांना शंका येते, हा बहाणा तर नव्हता? पण मुलांमधला मायग्रेन अनेकदा असाच असतो.

निदान का चुकते?

मराठीत मायग्रेनला ‘अर्धशिशी’ म्हणतात, म्हणजे अर्धे डोके दुखणे. मुलांचे मात्र बहुधा कपाळ किंवा दोन्ही बाजू दुखतात. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मोठ्यांमध्ये झटका किमान ४ तासांचा, तर मुलांमध्ये २ तासांचाही धरला जातो. मळमळ-उलटी, किंवा प्रकाश आणि आवाज दोन्ही नकोसे होणे, खेळणे थांबणे आणि असे किमान ५ झटके, यांवरून निदान होते. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी नाही.

स्कॅन कधी लागतो?

डॉक्टरांच्या तपासणीत सर्व ठीक असेल तर बहुतेकदा लागत नाही. मात्र दुखण्याने झोपेतून जाग येणे, सकाळी उठताच उलट्या, चालताना तोल जाणे, दृष्टीत बदल, ताप आणि मान आखडणे किंवा अचानक असह्य वेदना असल्यास तातडीने डॉक्टर गाठावा.

झटका आला तर?

वजनानुसार ठरवलेली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची मात्रा दुखणे सुरू होताच द्यावी. ‘बघू, थांबेल’ म्हणत उशीर केल्यास परिणाम कमी होतो. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये; त्यातून राय सिंड्रोम या गंभीर आजाराचा धोका असतो. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस वेदनाशामके घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी वाढू शकते.

रोजच्या औषधाचा उपयोग किती?

अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर येण्याचे प्रमाण अमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांत ५२ टक्के, टोपिरामेट घेणाऱ्यांत ५५ टक्के, तर औषधी घटक नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६१ टक्के होते. याचा अर्थ वेदना खोटी होती असा नाही. औषधांचा वेगळा फायदा दिसला नाही आणि दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने फ्रेमानेझुमॅब हे इंजेक्शन ६ ते १७ वयोगटातील, किमान ४५ किलो वजनाच्या मुलांसाठी मंजूर केले.

पालकांनी काय करावे?

झोप आणि जेवणाच्या वेळा पाळाव्यात, पाणी पुरेसे द्यावे. तारीख, वेळ, झोप, जेवण आणि दिलेली गोळी यांची वहीत नोंद ठेवावी. डॉक्टरांना त्या वहीचा मोठा उपयोग होतो. आणि सर्वात आधी, मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा.