उद्योगांतील धोका आणि शेतकऱ्याचा हिशेब

या श्रावणांत आमचे दाजी व त्यांचा धाकटा मुलगा असे दोघे पुरंदर तालुक्यांतून पुण्यास माझ्याकडे आले. माझी हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. त्यामुळें कर्जाचा, वांटणीचा किंवा उताऱ्याचा कांहीं प्रश्न निघाला कीं नातेवाईक मंडळी माझ्या घरची वाट धरतात. चहा झाल्यावर दाजी म्हणाले, "अण्णा, पोराला दोन शब्द सांगा. पांच एकरांवर बोजा चढवून कारखाना काढायचा म्हणतोय. हा जुगारच कीं!" मुलगा खालीं मान घालून बसला होता, पण त्याचेंही म्हणणें होतें. हंगामांत सीताफळाचा भाव पडतो आणि फळ दोन-चार दिवसांवर टिकत नाहीं. तेव्हां त्याचा गर काढून, गोठवून ठेवून, तो आइस्क्रीम व रबडी करणारांस वर्षभर पुरवावा, असा त्याचा बेत होता. त्यासाठीं जमीन तारण ठेवून २० लाख रुपयांचें कर्ज काढावयाचें. तो म्हणाला, "मामा, बाबांचा जन्म भिण्यांत गेला. धोका पत्करल्यावांचून कोण पुढें आलाय?"

बाप म्हणतो हा जुगार, मुलगा म्हणतो हें धाडस. हा वाद आज पुष्कळ घरांत चालू आहे, म्हणून त्याविषयीं माझे विचार वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. मला वाटतें, बापलेकांची एक समजूत सारखीच चुकीची होती. ती ही कीं, उद्योग काढणारा किंवा नवें कांहीं निर्माण करणारा मनुष्य धोक्यास भीत नाहीं. वस्तुतः तो आपल्याइतकाच भितो. फरक इतकाच कीं, तो भीतीचा हिशेब मांडतो. किती मिळेल हें आधीं कोणासच कळत नाहीं. परंतु किती जाऊं द्यावयाचें, हें तो आधीं ठरवितो.

शेतकऱ्यांस जवळचें उदाहरण म्हणजे कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. ते मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असत. सन १८८८ मध्यें त्यांनीं व त्यांचे बंधु रामुअण्णा यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. पण म्हणून लक्ष्मणरावांनीं लागलीच नोकरी सोडली नाहीं. त्यांनीं मुंबईहून सायकली पाठवाव्या, आणि रामुअण्णांनीं त्या विकून लोकांस बसावयास शिकवावें, असा क्रम होता. पुढें बढतींत डावललें गेल्यावर त्यांनीं राजीनामा दिला, तेव्हां पाय ठेवावयास दुकान तयार होतें. नंतर त्यांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमिनींत विष भिनतें, असें त्या वेळीं शेतकऱ्यांस वाटे. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं! ज्यानें आपलें सर्वस्व त्या एका नांगरांत घातलें असतें, तो त्या दोन वर्षांत बुडाला असता.

पुढें बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल स्टेशनाजवळ ३२ एकर जागा दिली आणि १९१० सालीं त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण गोष्ट सांगतों ती येथपासून. ओसाड माळ, साप-विंचू आणि त्यांत कारखाना काढणारा एक धाडशी पुरुष! ऐकणाऱ्या तरुणास वाटतें, आपणही अशीच उडी घ्यावी. पण १८८८ पासून १९१० पर्यंतचीं बावीस वर्षें त्या गोष्टींतून गळून जातात. उडी घेतली तेव्हां नांगर चालतो, हें शेतकऱ्यांच्या रानांत सिद्ध झालेलें होतें. पुढें १९४६ सालीं याच घराण्यानें येथें खडकीस तेलाच्या इंजिनांचा कारखाना काढला, तोही इंजिनें बनविण्याचा अनुभव गांठीं बांधून.

कोणी म्हणेल, कारखानदाराचें ठीक आहे. कलावंत मनुष्य असा हिशेब करीत नाहीं. तेव्हां दादासाहेब फाळक्यांची गोष्ट पाहूं. चित्रपट काढण्याच्या ध्यासानें त्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ सालीं ते लंडनास जाऊन कॅमेरा घेऊन आले. एवढें सर्वांस ठाऊक असतें. पण परत आल्यावर त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' लागलीच हातीं घेतला नाहीं. कुंडींत वाटाणा लावून, तो उगवून वर येईपर्यंत रोज थोडथोडें चित्रण करून त्यांनीं रोपाच्या वाढीचा एक लहानसा पट केला. पडद्यावर बी अंकुरून वेल होतांना दिसला, आणि तो दाखवून त्यांनीं मोठ्या चित्रपटासाठीं भांडवल मिळविलें. आपण शेतकरी बियाण्याची उगवण पाहण्यासाठीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवतों, त्यांतलाच हा प्रकार. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस लोकांपुढें आला. त्याच्या आधीं वाटाणा उगवून दाखविलेला होता.

अमेरिकेंतील प्राध्यापिका सरस सरस्वती यांनीं सत्तावीस अनुभवी उद्योजकांची विचार करण्याची रीत तपासली व २००१ सालीं तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचाही एक निष्कर्ष असाच आहे. असे लोक नफ्याच्या अंदाजापासून आरंभ करीत नाहींत. किती तोटा आपणांस सोसेल, येथून करतात. आपल्या घरांतील शहाण्या आजीनें एवढें निबंधावांचूनही सांगितलें असतें, पण तिचें ऐकतो कोण?

आतां बापाच्या बाजूकडे वळूं. मीं विचारलें, "दाजी, मुलगा करतो तो जुगार, असें तुम्ही म्हणतां. गेल्या दहा वर्षांत तुम्हांस किती वेळां तोटा आला?" त्यांनीं बोटें मोजलीं. दोनदां कांदा सडला. एकदां टोमॅटो तोडणीच्या मजुरीलाही पुरला नाहीं, म्हणून बांधावर टाकून दिला. एकदां गारपिटीनें अंजीर गेलें. मीं कागदावर आंकडे मांडले. बेरीज सात लाखांच्या वर गेली. दाजी कांहीं वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पण हें तर नशीब. सगळ्या गांवाचंच गेलं."

येथेंच मेख आहे. जो धोका सगळा गांव मिळून पत्करतो, तो धोका वाटत नाहीं. जो एकटा पत्करतो, तो वेडा ठरतो. शेजाऱ्यानें कांदा लावला म्हणून आपण लावला आणि भाव कोसळला, तर लोक हळहळतात. पण शेजाऱ्यानें न लावलेलें कांहीं लावून आपण बुडालों, तर लोक हंसतात. हंसण्याचें भय पैशाच्या भयाहून मोठें असतें, आणि त्यालाच आपण 'सावधपणा' हें नांव देतों. पावसावर, भावावर आणि व्यापाऱ्याच्या शब्दावर दरसाल सबंध शेत लावणारा शेतकरी धोका पत्करीत नाहीं, असें कोण म्हणेल? तो पत्करतोच, फक्त त्याचें खातें ठेवीत नाहीं.

मात्र मुलाच्याही पदरीं माप घालावयाचें नाहीं. न मोजलेल्या धोक्याचा इतिहास आमच्याच जिल्ह्यांत घडलेला आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें, सन १८६१ ते १८६५ पर्यंत, आपल्याकडील कापसास भलताच भाव आला. भाव असाच राहणार असें धरून कुणब्यानें कर्ज काढलें आणि सावकारानें तें दिलें. युद्ध संपलें, भाव उतरला, सारा वाढला, आणि जमिनी गहाणखतांत अडकल्या. त्याचा शेवट म्हणजे १८७५ च्या मे महिन्यांत सुपें गांवीं उसळलेला दंगा. लोकांनीं सावकारांचे कागद हिसकावून जाळले. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु गेलेल्या जमिनी सर्वांच्या परत आल्या असें नाहीं. नोकरींत असतांना सातबाऱ्यावरील 'इतर हक्कां'चा रकाना मीं हजारों वेळां वाचला आहे. बोजा एका फेरफारानें चढतो. तो उतरलेला पाहण्यास कित्येक खातेदार हयात राहिले नाहींत. म्हणून पैसा गेला तर तो धोका, पण जमीन गेली तर तो घात, असा भेद मी करतों. पैसा पुन्हा मिळवितां येतो. विकली गेलेली वडिलार्जित जमीन बहुधा परत येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, किर्लोस्करांस नोकरीचा आधार होता आणि फाळक्यांजवळ विम्याची पॉलिसी होती. पांच एकरांच्या धन्याजवळ गमावण्याजोगें काय असतें? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळतां येत नाहीं. फाळक्यांसारख्या कर्तबगार पुरुषाचेही अखेरचे दिवस ओढगस्तींत गेले. १९४४ सालीं नाशिक येथें त्यांचा अंत झाला. तेव्हां नीट हिशेब केला म्हणजे यश ठेवलेलेंच, असें मी सांगत नाहीं. परंतु ज्यास एकट्यास धोका पेलत नाहीं त्यानें तो वांटून घ्यावा, हा मार्ग आपल्याच लोकांनीं दाखविला आहे. सासवडचे माळी कालव्याच्या मुलखांत जाऊन ऊस करूं लागले, आणि पुढें आपआपलें भांडवल एकत्र करून १९३२ सालीं त्यांनीं माळीनगरचा साखर कारखाना स्थापन केला. प्रवरेकांठीं विठ्ठलराव विखे पाटलांनीं गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग जमविले, पुण्याचे डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचें साह्य मिळालें, आणि १९५०–५१ च्या हंगामांत सहकारी कारखान्याचें गळीत सुरू झालें. प्रत्येकानें आपणांस सोसेल तेवढाच वांटा घातला. तो बुडता तर प्रत्येकाचें थोडें जातें. कोणाचें घर बसतें ना.

एक गोष्ट माझी स्वतःची सांगतों. नोकरींत असतांना एका मित्रानें मला रोपवाटिकेंत भागीदार हो, म्हणून फार आग्रह केला. रक्कम मजपाशीं होती. मीं नाहीं म्हटलें. चार वर्षांनीं ती रोपवाटिका बंद पडली आणि घरच्यांनीं माझ्या शहाणपणाची तारीफ केली. पण मी मनांत ओशाळलों. कारण नाहीं म्हणतांना मीं एकही आंकडा मांडलेला नव्हता. केवळ पोटांत गोळा आला म्हणून नाहीं म्हटलें होतें. अखेर चांगली झाली म्हणजे निर्णय चांगला होता, असें नव्हे. आणि तोटा आला म्हणजे निर्णय वाईटच होता, असेंही नव्हे.

असो. भाच्याला मीं विचारलें, "आजवर किती किलो गर विकलास?" तो म्हणाला, "अजून नाहीं. पण मागणी आहे, मामा." मग मीं दोघांपुढें एकच तोड ठेवली. जमिनीस हात लावूं नये. या एका हंगामापुरता दाजींनीं एक लाख रुपये द्यावा, आणि तो गेला असें आजच धरून चालावें. त्यांत दोन डीप फ्रीझर घ्यावे. घरच्या व शेजारच्या बागेंतील फळ घ्यावें. पुण्यांतील चार-पांच गिऱ्हाइकें आधीं गांठावीं. गर काळा पडतो कीं नाहीं, वीज गेल्यावर काय होतें, आणि एकदां नेणारा दुसऱ्यांदा येतो कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं पुढचें पाऊल. तेंही शक्य तर गांवांतील आणखी पांच-सात बागाईतदारांस बरोबर घेऊन.

दोघेही नाराज झाले. मुलगा म्हणाला, "एवढ्यानं काय होणार? वर्ष जाईल." दाजी म्हणाले, "लाख तरी कां जावा?" मीं सात लाखांच्या बेरजेचा तो कागद दाजींपुढें सरकविला आणि मुलास म्हटलें, "वर्ष गेलं तर तुझं एकट्याचं जाईल. शेत गेलं तर तुझ्या पोरांचंही जाईल." बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं दाजींनीं होकार दिला; तो मनापासून होता असें मला वाटत नाहीं. हें लिहीत असतां हंगाम चालू आहे आणि फ्रीझर ओसरीवर येऊन पडले आहेत. निकाल लागावयाचा आहे. लाख रुपये बुडाले, तर दाजी मला बोल लावतील व मी तो ऐकून घेईन.

वाचकांस माझी विनंति इतकीच. तुमचा मुलगा असा कांहीं बेत घेऊन पुढें आला, तर त्यास 'जुगारी' म्हणून गप्प बसवूं नका. आणि 'धाडशी' म्हणून सातबाराही त्याच्या स्वाधीन करूं नका. कागद घेऊन त्याच्याजवळ बसा. एका बाजूस त्याच्या बेतांत किती जाईल तें मांडा, आणि दुसऱ्या बाजूस तुमच्या चालत्या शेतींत गेल्या दहा वर्षांत किती गेलें तेंही प्रामाणिकपणें मांडा. मग निर्णय करा.

— एक निवृत्त महसूल कारकून, पुणें