बाटली मोजली, टाकी कोण मोजणार?

डीपी जळून नऊ दिवस झाले होते. पावसाने ओढ दिलेली, सोयाबीनने माना टाकलेल्या. निफाड तालुक्यातल्या माझ्या एका स्नेह्यांनी शेवटी अडगळीतलं पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन बाहेर काढलं आणि विहिरीवर बसवलं. तिसऱ्या दिवशी एक तरुण मोटारसायकलवर दारात हजर. इंजिनाला गॅस जोडायचा, डिझेल निम्म्यावर आणायचं आणि वर ताकदही वाढवायची, असं त्याचं म्हणणं. स्नेह्यांचा मला फोन आला, ‘‘तुम्ही एकदा बघून जा, मग पैसे देतो.’’

मी गेलो. किट म्हणजे एक रेग्युलेटर, नारंगी रबरी नळी, पितळी कॉक आणि एअर क्लीनरच्या नळीला भोक पाडून बसवलेलं निपल. डिझेलची टाकी बाजूला काढून तिच्या जागी खुणा केलेली काचेची बाटली टांगली होती. मोबाइलचं घड्याळ लावलं, इंजिन तासभर नुसत्या डिझेलवर चाललं. मग कॉक उघडला आणि पुन्हा तासभर. बाटलीतली पातळी दुसऱ्या खेपेला खरोखर निम्मीच उतरली. भोवती जमलेल्या आठ-दहा जणांनी ती डोळ्यांनी पाहिली. ‘‘बघा काका, निम्मं डिझेल वाचलं,’’ तो तरुण म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

पण बाटलीमागे उभ्या असलेल्या गॅसच्या लाल टाकीकडे एकानेही पाहिलं नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझं तुणतुणं ठाऊक आहे : इंधन दोन वाटांनी आत जात असेल तर दोन्ही वाटा मोजा. या आठवड्यात ते पुन्हा वाजवतो, कारण इतकं उघड उदाहरण मला क्वचितच मिळालं. गॅस सोडल्यावर डिझेल कमी होतं ते कशामुळे? पंपाच्या इंजिनाला गव्हर्नर असतो. फेरे वाढू लागले की तो डिझेल कापतो. हवेबरोबर गॅस आत जाऊन जळू लागला, फेरे वाढायला लागले आणि गव्हर्नरने त्याचं काम केलं. म्हणजे तेवढी ताकद आता डिझेलऐवजी गॅस देतो आहे. ही अदलाबदल झाली. तिला बचत म्हणायचं की नाही, हे गॅस किती गेला आणि तो कितीला पडला यावर ठरतं.

तर तो हिशेब करू. एक किलो एलपीजीत साधारण ४६ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६. म्हणजे १४.२ किलोची भरलेली टाकी बरोबर साधारण १८ लिटर डिझेल. पाच अश्वशक्तीचं इंजिन भरल्या भाराने तासाला लिटरच्या आसपास डिझेल खातं. त्यातलं अर्धा लिटर वाचलं असेल, तर त्याच्या जागी ३९० ग्रॅम गॅस लागायला हवा. याहून जास्त गेला असेल, तर तो धुराड्यातून गेला. मी विचारलं, ‘‘वजनकाटा आणलाय का?’’ त्याने आणला नव्हता. विक्रीच्या वेळी काटा नेण्याची त्याला कुणी सवयच लावलेली नव्हती.

काटा नव्हता, पण टाकीला घाम सुटला होता. आतला द्रव गॅस उकळून बाहेर पडतो तेव्हा टाकी गार पडते आणि दमट हवेत द्रवाच्या पातळीपर्यंत बाहेरून दव धरतं. श्रावणातली हवा ती. टाकीच्या कमरेवर ओली आणि कोरडी अशी स्वच्छ रेघ उमटली होती. स्नेह्यांच्या मुलाच्या दप्तरातला खडू घेऊन मी तिच्यावर खूण केली आणि आणखी एक तास इंजिन चालवायला लावलं. तासाने रेघ बोटभर खाली आली होती. टाकीचा व्यास धरला तर ३९० ग्रॅम गॅसने पातळी एक सेंटिमीटरही उतरायला नको. दवाची रेघ म्हणजे काही काटा नव्हे, तिच्यावर मी कुणाशी पैज लावणार नाही. तरी बोटभर हे बोटभरच.

आणि वास. सायलेन्सरच्या तोंडाशी उभं राहिलं की शेगडीचं बटण चालू राहून ती पेटलेली नसते तेव्हाचा वास येत होता. तो वास गॅसमध्ये मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. इथे तो सांगत होता की गॅस न जळताच बाहेर पडतो आहे. याचं कारण भारात आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो आणि तो गॅसला पेटवतो. गॅस स्वतःहून सहजी पेटत नाही, त्याला ४०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, डिझेलला त्याच्या जवळपास निम्मी. भार कमी असला की हवेत गॅस विरळ होतो, फवाराही छोटा, आणि ज्वाला सिलिंडरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. आपल्याकडे तीन अश्वशक्तीचं काम असतं आणि इंजिन पाचचं घेतलं जातं. अशा अर्धवट भारावर गॅस सगळ्यात वाईट जळतो.

भरल्या भारावर मात्र गोष्ट वेगळी आहे, हे कबूल करायला मला काहीच जड जात नाही. डिझेल इंजिनाला मिळालेली सगळी हवा कधीच वापरता येत नाही. फवारा हवेत मिसळायला वेळ पुरत नाही म्हणून हवा शिल्लक असतानाच काळा धूर सुरू होतो. गॅस आधीच हवेत मिसळून येतो, त्यामुळे उरलेली हवाही कामाला लागते. ताकद वाढते, धूर कमी होतो. ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याच्या ट्रकांवर अशी किट बसवली गेली ती याचमुळे : वजन मोठं, वेग एकसारखा, तासन्‌तास इंजिन जोरावर. कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकलाही फरक जाणवेल. घाट उतरताना काहीच नाही. आणि पिस्टन व हेड गॅस्केट किती उष्णता सोसतील, हे ठरवून बनवलेल्या इंजिनातून जास्त ताकद काढली, की बिल पुढच्या हंगामात येतं, मग ती ताकद गॅसची असो की डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून मिळवलेली.

मला खरी धास्ती वाटली ती जागेची. पंपाची ओढ पंचवीस फुटांपलीकडे धड चालत नाही, म्हणून आपण विहिरीत दहा-बारा फुटांवर टप्पा खोदून इंजिन तिथे बसवतो. एलपीजी हवेहून जड. गळाला तर उडून जाणार नाही, त्या टप्प्यावर आणि पाण्यावर साचून राहील. हवेत दोन टक्के झाला तरी पेटायला पुरतो. शिवाय पंपाचं पाणी तुटलं की भार एकदम जातो. तेव्हा गव्हर्नर डिझेलला आवरेल, पण गॅसचा कॉक हाताचा आहे. सुसाट सुटलेलं इंजिन बंद करायला त्या टप्प्यावर कोण उतरणार? मी स्नेह्यांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी कॉक बंद केला.

गॅस आणि डिझेल एकत्र जाळणं आपल्याला नवीन नाही. शेणाच्या गॅसवर डिझेल इंजिनं चालली, आजही चालतात. गोठा दारात असेल तर तो चांगला सौदा आहे. १९८७ च्या सुमारास लाकडाच्या गॅसवर पंप चालवण्याची सरकारी योजना आली. भरघोस अनुदान होतं. अनेकांनी अनुदानातलं इंजिन ठेवलं, डिझेलवरच चालवलं आणि गॅसिफायर बांधावर गंजू दिला. गॅस फुकटात पडत होता तरी हे झालं.

डिझेल वाचवायचंच असेल, तर आता माझा दुसरा नेहमीचा मुद्दा, आणि तो सोडून मी उठणार नाही : फूटव्हॉल्व्ह. स्नेह्यांच्या विहिरीतला पाइप अडीच इंची लोखंडी, दोन काटकोनी एल्बो, आणि फूटव्हॉल्व्ह किती वर्षांपूर्वी वर काढला होता ते कुणाला आठवेना. तेवढंच पाणी तीन इंची पाइपातून नेलं तर घर्षणाचा तोटा साधारण चाळीस टक्क्यांवर येतो. गुळगुळीत पीव्हीसी घेतला तर त्याहून खाली. फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करायला तर पैसेही लागत नाहीत. मी तो व्हॉल्व्ह पाहिलेला नाही, पण ज्या आवाजात तो पंप पाणी ओढत होता, त्यावरून माझी खात्री आहे की त्या विहिरीवर सगळ्यात जास्त डिझेल त्या जाळीत अडकलेलं आहे.

हे चाललेलं असताना वहिनी चहा घेऊन आल्या. टाकीकडे बघून त्यांनी ट्रे खाली ठेवला. ‘‘अहो, ही तर परवाच लावली होती. दुसरी कधी येईल माहितीये का तुम्हाला?’’ घरगुती टाकी स्वयंपाकाखेरीज वापरणं गुन्हा आहे, हे मी आधी बोललो होतो. त्याचा कुणावर परिणाम झाला नव्हता. वहिनींच्या प्रश्नावर सगळे गप्प बसले. त्या तरुणाच्या हिशेबात डिझेलचा भाव होता, टाकीचा नव्हता, कारण टाकी घरातून आलेली. ज्या घरात चूल विझून शेगडी आली, त्या घरातल्या बाईने ती टाकी विहिरीला द्यायची आणि स्वतः पुन्हा धुरात बसायचं, याला मी कुठल्याही भावाने काटकसर म्हणणार नाही.

टाकी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात परत गेली. तरुणाला मी सांगितलं आहे : ज्या इंजिनावर भरपूर भार आहे असं एखादं तूच उघड्यावर शोध, १९ किलोची व्यावसायिक टाकी पावतीसह आण. काटा मी आणतो. टाकी आधी तोलू, नंतर तोलू, बाटलीही मोजू, आणि त्या दिवशीचे दोन्ही भाव घालू. तो मंगळवारी येतो म्हणाला. बुधवारी विहिरीतून पाइप वर काढायचा आहे. दोन माणसं आणि साखळी सांगून ठेवली आहे.