भात फेकणाऱ्या लेकराची बाजू

दीड वर्षाच्या पोराने मूठभर भात उचलून भिंतीवर मारला की घरातून तीन आवाज उठतात. आजोबा म्हणतात, हा अन्नाचा अपमान आहे, एक फटका द्या म्हणजे पुन्हा हात उचलणार नाही. आजी म्हणते, लेकरू उपाशी राहील, धरून का होईना चार घास घाला. आणि दिवसभर कांदे काढून दमलेली आई मोबाइल लावून देते, कारण पडद्यावर गाणं सुरू झालं की तोंड आपोआप उघडतं. जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारच्या मळ्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी कुठल्याही घरी जा, हे तिन्ही आवाज एकाच जेवणाला ऐकू येतील. तिन्ही मायेचे आहेत. तरी तिन्ही चुकीचे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आजोबांचं म्हणणं सगळ्यांत वजनदार. ज्या माणसाने वाकून वाकून रोपं लावली आणि रात्री लाइट येईल तेव्हा उठून पाणी भरलं, त्याला अन्न सांडलेलं बघवत नाही, बघवूही नये. पण अपमान करणाऱ्याला आधी मान कशाचा ते कळावं लागतं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्या दहा महिन्यांच्या मुलाची टिपणं ठेवली होती. ती १९३६ साली त्यांच्या पुस्तकात आली. तो मुलगा पावाचा तुकडा हातातून पुन्हा पुन्हा सोडत होता. पाव त्याने तोवर कधी खाल्लाही नव्हता. हातातून सुटलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, एवढंच त्याला बघायचं होतं. आपल्या घरातलं लेकरूही नीट न्याहाळा. ते आधी मुठीकडे बघतं, बोटं उघडतं, खाली पडलेल्या भाताकडे बघतं आणि मग हळूच मोठ्यांच्या तोंडाकडे. त्या क्षणी कुणी ओरडलं किंवा कुणी हसलं, तर त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच: अख्खं घर आपल्यामुळे हललं! मग ते दुसरी मूठ भरणारच. फटका खाल्ल्यावर ते अन्नाचा मान शिकत नाही, ताटलीला भ्यायला शिकतं.

आजीची काळजी खरी, पण तिचा हिशेब पहिल्या वर्षाचा आहे. जन्माला सुमारे तीन किलोचं असलेलं बाळ वर्षभरात नऊ किलोंच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे वाढ मंदावते, तशी भूकही. नेमका तोच काळ फेकाफेकीचा. बोलता न येणारं लेकरू ‘पुरे’ कसं म्हणणार? मान फिरवतं, ओठ मिटतं, आणि तरीही चमचा आलाच तर भिरकावतं. अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बाळांपुढे साधे, न सजवलेले पदार्थ ठेवले आणि आग्रह बंद केला. एकेका जेवणाला बाळं वाटेल तसं खात, पण एकंदरीत धडधाकट वाढली. त्यांच्यापुढे गोडधोड नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. लेकरू खरंच कमी खातंय का, हे ताटलीवरून ठरवू नका. अंगणवाडीत वजन करून घ्या आणि कार्डावरची रेघ बघा. रेघ वर जात असेल तर आजीने निश्चिंत असावं. ती थांबली असेल किंवा घास गिळताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावं.

मोबाइलच्या बाबतीत आईला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. पूर्वी संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन अंगणात काऊ-चिऊचे घास भरवता येत. आता जुन्नर-आंबेगावात दिवस मावळला की दार लावावं लागतं. २०२४ साली पिंपरी पेंढारच्याच शिवारात बिबट्याने बायकांचे जीव घेतले. चार भिंतींत अडकलेल्या आईने हाताशी असेल ते वापरलं. तरी वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, असं सांगितलं. जेवणात त्याचं नुकसान उघड दिसतं: पोट भरल्याची खूण लेकराला कळेनाशी होते आणि तोंडात काय गेलं याचाही पत्ता राहत नाही.

मग करायचं काय? उष्टावणाला मामाच्या हातचा पहिला घास आपण थाटात भरवतो, आणि पुढे दोन वर्षं लेकराचा स्वतःचा हात ताटलीत जाऊ देत नाही. तो जाऊ द्या. घरची माणसं जेवायला बसतील तेव्हाच त्यालाही पंगतीत बसवा. खाली जुनं लुगडं अंथरा. ताटलीत दोन घास कालवलेला वरणभात, चतकोराहून लहान भाकरीचा तुकडा, शिजवलेल्या बटाट्याची फोड. संपलं तर आणखी वाढा. थोडं वाढलं की फेकायलाही थोडंच उरतं, आणि लुगड्यावरचं कोंबड्यांना घालता येतं. माखलं तर माखू द्या. २०१३ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या अभ्यासात आढळलं की सोळा महिन्यांची जी मुलं मऊ पदार्थ चिवडून, माखून बघत, ती त्यांची नावंही चांगली शिकत.

एकदा फेकलं तर ‘खाली नाही टाकायचं’ एवढंच शांतपणे म्हणा. दुसऱ्यांदा फेकलं की ‘पोट भरलं वाटतं’ म्हणत ताटली उचला, हात-तोंड धुवा, खेळायला सोडा. राग नाही, मनधरणी नाही. पुढचं खाणं दोन-तीन तासांनी, ठरल्या वेळी. मधल्या वेळेत चहात बुडवलेलं बिस्कीट नाही आणि कुरकुऱ्यांची पुडी तर नाहीच. ‘काहीच खात नाही’ म्हणून डॉक्टरांकडे नेलेल्या कितीतरी लेकरांचं पोट या बिस्किटांनीच भरलेलं असतं.

सगळ्यांत अवघड भाग एकत्र कुटुंबातला. आई ताटली उचलते, चुलती मागून बिस्कीट देते, आजोबा रागावतात, काका हसतात. चौघांचे चार चेहरे बघून लेकराने काय समजावं? म्हणून हे पोरासमोर नको, रात्री ते झोपल्यावर घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवावं. कांदे काढायच्या दिवसांत दुपारचं जेवण आजीच्याच हातचं असतं, तेव्हा तिचा शब्द आधी घ्यावा. आणि बिस्किटांचा पुडा फडताळातून काढून टाकायचं काम आजोबांनी आपल्याकडे घ्यावं.